मोठं चाक, लहान चाक आणि दोरी

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुट या गावावर आभाळातून जात्याचे दगड पडले.

गावात धान्य होतं. टायग्रिस नदीच्या वळणावरच्या या गावात ब्रिटिश-हिंदी फौज डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, आणि शोधाशोध करताना तिला कोठारांत दडवलेलं धान्य सापडलं. पण शिपाई धान्य खात नाही, भाकरी खातो. हजारो माणसांचं दळण दळायचं तर दगड हवेत, आणि ते गावात पुरेसे नव्हते. म्हणून वेढ्याबाहेरच्या ब्रिटिश तळावरून ते विमानाने आणून टाकले. लाकूड, तार आणि कापड यांची ती विमानं. माणसाच्या सगळ्यात जुन्या यंत्रांपैकी एक त्याच्या सगळ्यात नव्या यंत्राने वाहून आणलं. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद पोचवण्याचा हा जगातला पहिला मोठा प्रयत्न मानतात. पुढे एप्रिलमध्ये पीठही टाकलं गेलं, पण पोटं इतकी होती की ते पुरलं नाही.

या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांची भरती देशावरून आणि कोकणातून होई, आणि आज सातारा-सांगली म्हणून ओळखला जाणारा मुलूख हा तिचा जुना आधार. ज्यांच्या घरी पहाटे घरघर ऐकतच जाग यायची, त्यांनी शत्रूच्या तोफांखाली उभं राहून आभाळातून उतरणारं जातं पाहिलं. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडलं, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. वाळवंटातून पायी हाकलून त्यांतल्या अनेकांना रास अल-ऐनकडे नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो मेले. त्याच कैद्यांत बंगाली रुग्णसेवा पथकातले शिशिर सर्बाधिकारी होते. त्यांनी रोजनिशीचे कागद बुटांत लपवून वाचवले आणि पुढे त्यांवरून पुस्तक लिहिलं. चालण्यासाठी केलेल्या वस्तूने दप्तराचं काम केलं.

युद्धकैदी म्हटलं की आपल्याला भुयार आठवतं, रात्री कापलेली तार आठवते. सिनेमाने ती सवय लावली आहे. कैद्यांनी बनवलेल्या वस्तू पाहायला गेलं तर मात्र बहुतेक संसाराच्या निघतात. डबा, दिवा, फणी, दात घासायचा ब्रश, खडावा, चमचा. अहमदनगरच्या किल्ल्यात आणि छावणीत १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले बोअर कैदी आणून ठेवले होते. बोअर कैदी सिंहलद्वीप, सेंट हेलेना, बर्म्युडा असे जगभर पसरवले गेले, आणि जिथे गेले तिथे चाकूने काहीतरी कोरत बसले. जेवणातल्या मांसाच्या हाडांतून ब्रोच, लाकडातून पेट्या, चिलमी, हातातल्या काठ्या. दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनच्या युद्धसंग्रहालयात अशा वस्तूंचा मोठा साठा आहे. याच नगरच्या किल्ल्यात पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन आले, आणि १९४२ ते १९४५ नेहरू, मौलाना आझाद आणि काँग्रेसची कार्यकारिणी. नेहरूंनी तिथे ग्रंथ लिहिला हे सर्वांना माहीत आहे. तिथल्या रुक्ष जमिनीत त्यांनी फुलझाडांची बाग केली, हे त्याच ग्रंथाच्या पहिल्या पानांत आहे, पण ते सहसा कुणी सांगत नाही.

कोरलेली पेटी सुंदर असते. मला मात्र जास्त ओढ वाटते ती फिरणाऱ्या वस्तूंची, कारण फिरवायचं म्हणजे यंत्र लागतं, आणि यंत्राला कारखाना लागतो अशी आपली समजूत असते.

२१ जून १९४२ रोजी लिबियातलं टोब्रुक जर्मन-इटालियन फौजेच्या हाती पडलं. तिथे कैद झालेल्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. हिंदी कैद्यांना समुद्रापार इटलीत नेलं. अवेझ्झानोची डोंगराळ छावणी ही हिंदी कैद्यांची म्हणून ओळखली जाई. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर काहीजण डोंगरांत पसार झाले, काहींनी आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंड गाठलं, आणि बाकीच्यांना जर्मनांनी आपल्या छावण्यांत ओढून नेलं. लंडनमध्ये ‘इंडियन कम्फर्ट्स फंड’ नावाची संस्था या हिंदी कैद्यांसाठी खास पार्सलं बांधत असे: डाळ, तांदूळ, करी पावडर, चहा, साखर. ती रेडक्रॉसमार्फत जात. आता गोऱ्या कैद्याच्या पार्सलातलं चॉकलेट नि बिस्कीट उघडलं की खाता येतं. डाळ तशी खाता येत नाही. डाळीला विस्तव हवा, आणि तोही बराच वेळ. छावणीत लाकूड आणि कोळसा मोजून मिळे, तोही हिवाळ्यात खोली उबदार ठेवायला पुरत नसे.

जर्मनीतल्या छावण्यांमध्ये या अडचणीवर एक उत्तर सापडलं आणि एका छावणीतून दुसरीत पसरत गेलं. कैदी त्याला ब्लोअर म्हणत. बाजेच्या फळीचा एक तुकडा पाया म्हणून. त्याच्या एका टोकाला लाकडाचं मोठं चाक, त्याला हाताने फिरवायची मूठ. दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या डब्यात बसवलेला छोटा पंखा. त्याची पाती दुधाच्या पावडरीच्या डब्यातून कापलेली. पंख्याच्या दांड्यावर लाकडाची एक छोटी गिरकी. मोठ्या चाकावरून गिरकीवर घातलेली बुटाची नाडी. पंख्यातून निघालेला वारा पत्र्याच्या बोगद्यातून जातो आणि भोकं पाडलेल्या एका वाटीच्या खालून वर येतो. त्या वाटीत पेटवायला काय घालायचं? पाइनची बोंडं, काटक्या, पुठ्ठ्याचे कपटे, कोळशाची भुकटी. मूठभर. वर पाण्याचा डबा. मूठ फिरवली की चहाचं पाणी काही मिनिटांत उकळतं.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण इंधन तेच, आणि तेच उघड्यावर पेटवलं तर डब्याचं बूडसुद्धा धड तापत नाही. विस्तवाला इंधन कमी पडत नाही, हवा कमी पडते. निखाऱ्याभोवती त्याने स्वतःच सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि राख साचते, नवा ऑक्सिजन सावकाश पोचतो, आणि तेवढ्यात उष्णता इकडेतिकडे पसरून वाया जाते. खालून जोराचा वारा आला की हा पडदा फाटतो. तेवढंच लाकूड कितीतरी जास्त वेगाने जळतं, ज्वाला लहान पण प्रखर होते, धूर जवळजवळ नाहीसा होतो, आणि सगळी उष्णता एकाच जागी, भांड्याच्या बुडाला लागते. आपल्याकडे लोहाराचा भाता हेच करतो. फरक एवढाच की भाता चामड्याचा, आणि हा दुधाच्या डब्याचा.

तो वारा जोराचा येण्याची किल्ली आहे चाकांच्या मापांत. समजा मोठं चाक दहा इंच व्यासाचं आणि गिरकी एका इंचाची. चाक एकदा फिरलं की नाडी त्याच्या परिघाइतकी सरकते, आणि तेवढ्या लांबीत गिरकीला दहा फेरे घ्यावेच लागतात. माणूस सेकंदाला दोन वेळा मूठ फिरवू शकतो. म्हणजे पंखा सेकंदाला वीस वेळा फिरला, मिनिटाला बाराशे वेळा. छताचा विजेचा पंखा इतका फिरत नाही. याला पोलाद नको, बेअरिंग नको, वीज नको. मोठं चाक, लहान चाक आणि दोरी. हाताच्या संथ फिरवण्यातून वेग काढण्याची ही युक्ती.

पत्रा जोडायचा कसा, याचीही गंमत आहे. डाग द्यायला कथील कुठून आणणार? त्या काळी डब्यांच्या शिवणी कथील-शिशाने सांधलेल्या असत. रिकामा डबा आगीवर धरला की शिवणीतून चकाकते थेंब गळत. ते गोळा करायचे. अन्न संपलं की डबा, डबा कापला की पत्रा, शिवण तापवली की डाग द्यायचा धातू. उजेडासाठी मार्गारीन जाळत, वात पायजम्याच्या नाडीची. पण मार्गारिनात पाणी असतं आणि ते तडतडून दिवा विझवतं, म्हणून ते आधी उकळून पाणी उडवून घेत. आपल्या आया लोणी कढवून तूप करतात त्यामागेही पाणी घालवणं हेच आहे, पण छावणीतल्या कैद्यांना ते बहुधा अंधारात बसून शिकावं लागलं.

चाकाशिवाय फिरणारी एक वस्तू इथे मध्येच सांगतो, कारण ती टाळवत नाही. आजच्या पोलंडमध्ये झागान इथे ‘स्टालाग लुफ्ट तीन’ ही वैमानिकांची छावणी होती. तिथे अल हेक नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक होकायंत्रं बनवायचा, एकदोन नव्हे, पुष्कळ. डबी वितळवलेल्या ग्रामोफोनच्या तबकडीची, काच फुटक्या खिडकीची, काटा चुंबकित केलेल्या पोलादाचा. डबीच्या तळाशी त्याने शिक्काही उठवला होता: ‘स्टालाग लुफ्ट तीनमध्ये तयार, पेटंट प्रलंबित’. अशी थट्टा ज्याला सुचते त्याच्याबद्दल मला विलक्षण आदर वाटतो. मार्च १९४४ मध्ये भुयारातून ७६ कैदी निसटले, तीन सोडून सगळे पकडले गेले, आणि पन्नासांना गोळ्या घातल्या. हेक त्या पन्नासांत होता.

लोखंडाचा कुठलाही तुकडा काटा म्हणून का चालत नाही? लोखंडात असंख्य सूक्ष्म चुंबकीय विभाग असतात, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून, त्यामुळे त्यांची बेरीज शून्य होते. चुंबक एकाच दिशेने पुन्हापुन्हा घासला, किंवा भोवती तार गुंडाळून बॅटरीची वीज सोडली, की ते एका बाजूला वळतात. मऊ खिळ्यात ते लवकरच पुन्हा विस्कटतात. शिवणाची सुई आणि दाढीचं पातं मात्र कडक पाणी दिलेलं पोलाद. त्यात वळलेले विभाग वळलेलेच राहतात. कैद्याजवळ तुरुंगाधिकारी निर्धास्तपणे ठेवू देतो अशा मोजक्या वस्तूंत सुई येते. ती टोकावर तोलली की सगळी पृथ्वी तिला फिरवते.

१९७१ च्या युद्धात पाकिस्तानात पाडल्या गेलेल्या भारतीय विमानांचे वैमानिक रावळपिंडीच्या छावणीत होते. त्यांतले दिलीप परुळकर, हरीश सिंहजी आणि मलविंदरसिंग ग्रेवाल ऑगस्ट १९७२ मधल्या एका रात्री खोलीची भिंत फोडून बाहेर पडले. कात्री आणि स्क्रूड्रायव्हर ही त्यांची हत्यारं. सुया चुंबकित करून केलेलं होकायंत्र होतं, शाळकरी नकाशासंग्रहातला नकाशा होता, आणि पाण्यासाठी जी-सूट. हा जी-सूट वैमानिक पायांवर चढवतो. विमान जोरात वळलं की त्यातल्या पिशव्या हवेने फुगून मांड्या आवळतात, म्हणजे रक्त खाली धावत नाही आणि डोळ्यांसमोर अंधारी येत नाही. जी पिशवी हवा गळू देत नाही ती पाणीही गळू देत नाही. हे तिघे खैबर खिंडीत लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सरहद्द काही मैलांवर. तिथे त्यांनी लंडी खाना या पुढच्या स्टेशनाची चौकशी केली. नकाशावर ते होतं. प्रत्यक्षात तिथली रेल्वे १९३२ मध्येच बंद झाली होती. चौकशी ऐकणाऱ्याला संशय आला आणि तिघे पकडले गेले. हाताने केलेलं होकायंत्र बरोबर निघालं, छापील नकाशा दगा देऊन गेला. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले.

आता पुन्हा चाकांकडे. जर्मनीतला तो ब्लोअर बनण्याच्या दहा-बारा वर्षं आधी, पुण्याच्या येरवडा तुरुंगात, मोठं चाक, लहान चाक आणि दोरी यांच्याशीच एक कैदी झटत होता. हा युद्धकैदी नव्हे, राजकैदी. गांधीजींना मे १९३० मध्ये पकडून येरवड्याला आणलं आणि जानेवारी १९३१ मध्ये सोडलं; पुन्हा जानेवारी १९३२ मध्ये आणलं. चरखा त्यांच्याबरोबर आलाच. पण जुना चरखा म्हणजे दोन-अडीच फुटी चाकाचं धूड. कोठडीत अडचण, प्रवासात हमाली, आणि सत्याग्रहींना तर रोज या गावातून त्या तुरुंगात जायचं. पेटीत बंद होईल असा चरखा हवा होता.

चाक लहान का करत नाही, असं कुणी विचारेल. इथे गणित आडवं येतं. विसाव्या नंबरच्या आसपासचं सूत टिकायचं तर त्याला इंचाला पंधरा-वीस पीळ लागतात. हात कापसाचा पेळू धरून दोन फूट मागे नेतो, तेवढ्या धाग्याला चारशेच्या घरात पीळ. म्हणजे धाग्याला पीळ देणाऱ्या चात्याने चारशे फेरे घ्यायचे. चाक एकदा फिरवल्यावर चातं सत्तर वेळा फिरत असेल तर हाताला सहा फेरे पुरतात, पण त्यासाठी चात्याच्या सत्तरपट मोठं चाक हवं. ते लहान केलं की फेरे वाढतात, कातणारा थकतो, आणि चरखा कोपऱ्यात जातो.

पेटी चरख्याने, ज्याला येरवडा चरखा असंच नाव पडलं, हे गणित दोन पायऱ्यांत सोडवलं. मोठं चाक एका छोट्या गिरकीला फिरवतं. ती गिरकी दुसऱ्या चाकाच्या दांड्यावरच बसवलेली, त्यामुळे तेही तेवढ्याच वेगाने फिरतं. आणि ते दुसरं चाक चात्याला फिरवतं. समजा पहिल्या पायरीत सहापट आणि दुसरीत बारापट. या पटींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. सहा गुणिले बारा, बहात्तर. दोन्ही चाकं ताटाएवढी, पेटीच्या तळात आडवी बसतात, माळ, म्हणजे चाकांवरची दोरी, काढून झाकण लावलं की काखेत मारून चालायला मोकळे. वेग ही गोष्ट जागा व्यापते असं वाटतं. ती दोन ठिकाणी वाटून दिली तर बसते.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की गरज कोठडीची होती आणि उपाय तिने आपल्या मापाचा काढून घेतला. बाहेर, स्वातंत्र्यात, याच्या उलटं चाललं होतं. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी अशा: दीडशे रुपयांच्या आत किंमत, आठ तासांत सोळा हजार वार सूत, हातापायाने चालणारा, खेड्यातल्या झोपडीत बसणारा, वीस वर्षं टिकणारा. किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा या स्पर्धेत उतरला होता. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. लाख रुपयांनी जे झालं नाही ते कोठडीच्या मापाने झालं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण न्यायाने बोलायचं तर दोघांचं उद्दिष्ट वेगळं होतं. पेटी चरखा सोळा हजार वार कधीच देऊ शकला नसता. त्याला फक्त नेता येणं जमलं पाहिजे होतं.

येरवड्यातली आणखी एक वस्तू, हिला चाक नाही. १९३२ मध्ये वल्लभभाई पटेल गांधीजींबरोबर तिथे होते आणि मार्चमध्ये महादेवभाई देसाई येऊन मिळाले. महादेवभाईंच्या रोजनिशीत दिसतं की वल्लभभाई रद्दी कागदांची पाकिटं बनवत बसायचे. येणाऱ्या डाकेचे कागद उलटवून जाणाऱ्या डाकेची पाकिटं. ज्या माणसाने पंधरा वर्षांनी साडेपाचशे संस्थानं एका देशात बसवली, त्याने आधी कागदाला न कापता घडी कशी घालायची याचा सराव करून ठेवला होता, म्हणायचं.

या संस्थानांत एक चिमुकलं संस्थान औंधचं, आणि त्याचा मुलूखही सलग नव्हता. तुकडे इथेतिथे विखुरलेले. किर्लोस्करवाडी त्यातल्याच एका तुकड्यावर, आणि आटपाडी दुसऱ्या. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रचारक, स्वतः चित्रकार. १९३९ मध्ये त्यांनी राज्यघटना करून सत्ता गावांच्या हाती दिली. त्यांना आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांना या कामात साथ होती एका पोलिश ज्यू इंजिनिअरची. वॉर्सात १९०१ साली जन्मलेले मॉरिस फ्रीडमन बंगळूरला म्हैसूर संस्थानाच्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून आले, संन्यास घेऊन भारतानंद झाले, गांधीजींकडे गेले, आणि औंधात येऊन पोचले. (याच फ्रीडमननी आयुष्याच्या उत्तरार्धात मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं टेपवर घेऊन इंग्रजीत आणली, आणि ते पुस्तक जगभर गेलं. कारखाना, खादी, कायदा, अध्यात्म: एका माणसात इतकं कसं मावलं, कोण जाणे.)

फ्रीडमन इंजिनिअर होते, त्यामुळे चरखा पाहिल्यावर त्यांनी तो नुसता फिरवला नाही. त्यांनी विचार केला की चाक तरी कशाला हवं? चाक म्हणजे सुतारकामातलं सगळ्यात अवघड काम. गोल नेमका हवा, दांडा मध्यावर हवा, नाहीतर माळ निसटते. त्यांनी काढली धनुष टकळी. लोखंडी टकळी एका छोट्या चौकटीत टेकवायची आणि धनुष्याने तिला फिरवायचं. हाताची सरळ रेघ टकळीवर येऊन फिरकीत बदलते. टकळीचा दांडा जिथे धनुष्य लागतं तिथे एक सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा परिघ सव्वातीन सेंटिमीटरांहून थोडा कमी. अर्धा मीटर धनुष्य ओढलं की पंधरा-सोळा फेरे. बांबूला धनुष्याचा आकार देणं कुणालाही जमतं. मोठं चाक गेलं, त्याच्या जागी हाताची ओढ आली. गांधीजींना ही टकळी पसंत पडली, कारण चरखे लाखांनी पुरवणं अशक्य होतं, आणि ही ज्याची त्याने घरी करून घ्यावी अशी होती.

आटपाडीच्या आसपासच्या माणदेशाला कताई शिकवावी लागली नसती. पाऊस टाळून जाणाऱ्या या पट्ट्यात शेती बेभरवशाची, म्हणून मेंढरं. मेंढरं म्हणून लोकर. धनगर लोकर कातणार आणि सणगर तिची घोंगडी विणणार, ही घडी फ्रीडमन यायच्या कितीतरी आधीची. आटपाडीच्या उत्तरेश्वराच्या यात्रेत शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतो. असल्या मुलखात हाताने करायच्या कामाला कुणी आदर्शवाद म्हणत नाही.

तिथेच औंधच्या राजेसाहेबांनी आणि फ्रीडमननी १९३० च्या दशकाच्या अखेरीस एक तुरुंग उभारला. त्याला नाव दिलं स्वतंत्रपूर. भिंत नाही, गज नाहीत. खून किंवा दरोड्याच्या गंभीर गुन्ह्यात दीर्घ शिक्षा झालेले कैदी तिथे ठेवायचे, त्यांना जमीन कसायला द्यायची, आणि त्यांच्या बायकामुलांनाही तिथेच राहू द्यायचं. संस्थान विलीन झालं, सरकारं बदलली, ही वसाहत चालू राहिली; आज ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. जवळच्याच माडगुळे गावचे ग. दि. माडगूळकर यांनी तिच्यावरून कथा लिहिली, आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. सिनेमातले सहा कैदी एकटे पुरुष आहेत आणि जेलरची नजर त्यांची भिंत आहे. हे पडद्यावर फार परिणामकारक दिसतं. मला वाटतं, खरी वसाहत त्याहून धीट होती. तिथे भिंतीच्या जागी कुणा एकाची करारी नजर ठेवलेली नव्हती. चूल, पोरं आणि उभं पीक ठेवलं होतं.

युद्धकैद्यांच्या छावणीत माणसाला संसारापासून तोडतात आणि तो दुधाच्या डब्यातून संसार पुन्हा जोडायला लागतो. स्वतंत्रपुरात शिक्षा तशीच राहिली, हजेरी तशीच राहिली, आणि तोडणं तेवढं वगळलं. त्यामुळे इथल्या कैद्यांच्या वस्तूंचं संग्रहालय होणं अवघड. इथल्या कैद्याला दिवा लागला तर आटपाडीच्या दुकानात मिळतो. खुरपं बोथट झालं तर लोहार आहे. इथे कैदी जे तयार करतो ते तराजूत घालून मोजतात आणि आठवड्याभरात खाऊन संपवतात: वांगी, मेथी, मका, भुईमूग.